फक्त कॅप्टननं बोलायचं

राजपाल बनसोडे परंड्याच्या पंचायत समितीत नोकरीला होता आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफ्री. दोन्हीकडं त्याला मनापासून आवडायचं ते एकच काम, लोकांना समजावून सांगणं. ऑफिसात एखादा म्हातारा घरकुलाची चौकशी करायला आला, की राजपाल त्याला योजनेचा उगम, हेतू आणि आजवरचे बदल असं सगळं सांगायचा. म्हातारा पाणी मागून प्यायचा आणि उद्या येतो म्हणून निघून जायचा. आपलं बोलणं ऐकून माणसं तृप्त होऊन जातात, अशी राजपालची बरीच वर्षं समजूत होती. आताशा त्याला थोडी शंका यायला लागली होती, पण म्हणून काही बोलणं कमी झालं नव्हतं.

फुटबॉल आपण कॉलेजात खेळलो, असं तो सांगायचा. खरं सांगायचं तर तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसायचा आणि शेजारी बसलेल्याला मैदानावर काय चुकतंय ते सांगायचा. पुढं रेफ्रीची परीक्षा दिली आणि पास झाला. आता मैदानावर चुका दाखवायचा रीतसर परवाना मिळाला, वर शिट्टीही मिळाली. तालुक्यात दुसरा रेफ्री नव्हता, त्यामुळं तो चांगला की वाईट हा प्रश्न कुणी काढत नव्हतं.

त्या वर्षी सोलापूरला रेफ्रींचा उजळणी वर्ग झाला. तिथं एक नवी पद्धत शिकवली. शिट्टी वाजली की पोरं रेफ्रीला घेरतात, अंगावर येतात, आरडाओरडा करतात. ते बंद करायचं. रेफ्रीशी फक्त कॅप्टननं बोलायचं. बाकी कुणी जवळ आलं तर पिवळं कार्ड. पण त्याबदल्यात रेफ्रीनंही कॅप्टनला बोलवून निर्णयाचं कारण सांगायचं, आणि आपल्या पोरांना शांत करायचं काम कॅप्टनवर सोपवायचं. सगळे भराभर लिहून घेत होते. राजपाल मात्र गप्प बसला होता, कारण ही पद्धत त्याच्या घरात गेला महिनाभर चालूच होती. फक्त तिथं कॅप्टन त्याची बायको होती.

झालं होतं असं. राजपालची मुलगी वृषाली नववीत होती आणि फुटबॉल खेळायची, तेही बाकावर न बसता. पुण्याजवळच्या एका निवासी क्रीडाशाळेनं घेतलेल्या चाचणीत तिची निवड झाली. तिथल्या मॅडमचा फोन आला तेव्हा राजपाल जेवत होता. त्यानं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाला, "न्हाय पाठवायचं. विषय संपला." शर्ट खोचला आणि ऑफिसला गेला. चहावाल्याला दूध कसं उकळावं हे समजावून सांगणारा माणूस, पण पोटच्या पोरीला एका शब्दाचं कारण दिलं नाही.

त्या दिवसापासून वृषालीनं अबोला धरला. पोरगी रडली नाही, आदळआपट केली नाही, जेवण टाकलं नाही. फक्त बापाशी बोलायचं बंद केलं आणि सगळा कारभार आईच्या मार्फत सुरू केला. राजपाल पंख्याखाली बसलेला असायचा आणि वृषाली त्याच्या समोरून आईला म्हणायची, "पप्पांना सांग, पंखा बंद करा, माझी पानं उडत्यात." आई स्वयंपाकघरातून तेच वाक्य पुन्हा म्हणायची. राजपाल उठून पंखा बंद करायचा. मग त्यालाही चेव आला. मी बाप आहे, मी का आधी बोलू? तोही बायकोला सांगायला लागला, तिला सांग, सायकलला हवा मारली आहे. कारणंही त्यानं अशीच आईकडून पोचवली. दहावी तोंडावर आली आहे, तिथलं जेवण सोसायचं नाही, पुणं काही हाकेच्या अंतरावर नाही. वृषालीनं त्यावर काही उत्तर पाठवलं नाही.

मॅडमनी शेवटचं विचारायला रविवारी संध्याकाळी फोन करते, म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. आणि त्याच रविवारी परंड्याच्या किल्ल्यामागच्या मैदानावर मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता, परंडा विरुद्ध अणदूर.

वृषाली परंड्याच्या संघात होती, म्हणून हा सामना राजपालकडं नव्हताच. त्यासाठी सोलापूरहून रेफ्री येणार होता. सकाळी त्याचा निरोप आला, की त्याची गाडी कुर्डुवाडीच्या अलीकडं बंद पडली आहे. आता शिट्टी कोण घेणार? अणदूरच्या मुलींना घेऊन आलेले वीरप्पा सर राजपालकडं बोट दाखवून म्हणाले, "बनसोडे साहेब, तुमीच घ्या की. घरच्या पोरीवर तुमी दोन शिट्ट्या जास्तच वाजवताल. आमचं काय जातंय?" सगळे हसले. राजपाललाही बरं वाटलं. आपल्या निःपक्षपातीपणाची कीर्ती अणदूरपर्यंत पोचली, असा त्यानं त्याचा अर्थ लावला.

सामन्याआधी त्यानं दोन्ही संघांना उन्हात उभं केलं आणि नवी पद्धत समजावून सांगितली. ऊन चढत गेलं. अणदूरच्या मुलींनी येताना खंडोबाचा भंडारा लावून आणला होता, तो घामानं त्यांच्या कपाळावरून नाकावर ओघळला. राजपाल बोलतच होता. फक्त कॅप्टननं बोलायचं. दुसरीनं कुणी तोंड उघडलं, तर कार्ड. कॅप्टन म्हणजे नुसती नाणेफेकीला येणारी मुलगी नव्हे, कॅप्टन म्हणजे रेफ्री आणि संघ यांच्यामधला पूल. हे पुलाचं वाक्य सोलापूरला वर्ग घेणाऱ्या साहेबांचं होतं, पण तेवढं त्यानं सांगितलं नाही.

परंड्याची नेहमीची कॅप्टन तापानं आजारी होती. संघाला शिकवणारे गफारभाई, ज्यांचं एरवी सायकलचं दुकान होतं, त्यांनी मुलींना सांगितलं, तुमची तुम्ही ठरवा. मुलींनी क्षणभरही विचार केला नाही. रेफ्रीशी एकटीनंच बोलायचं असेल, तर रेफ्रीच्या पोरीइतकी हक्काची दुसरी कोण? बाप लेकीचं ऐकणारच. त्यांनी लाल पट्टा वृषालीच्या दंडाला बांधून टाकला. आमच्या घरात अबोला आहे, हे काही वृषालीला सगळ्यांसमोर सांगता येईना. घरची गोष्ट घरात ठेवायचं वळण तिला बापानंच लावलं होतं.

राजपाल नाणं घेऊन मैदानाच्या मध्यावर उभा राहिला. एकीकडून अणदूरची कॅप्टन हुमेरा आली, उंच, शांत मुलगी. दुसरीकडून दंडाला लाल पट्टा बांधलेली आपलीच मुलगी येताना दिसली. इथं निरोप पोचवायची सोय नव्हती, कारण आई मैदानावर नव्हती.

"छापा की काटा?" त्यानं आभाळाकडं बघून विचारलं.

वृषालीनं हुमेराकडं तोंड केलं. "ह्यांना सांग, काटा."

हुमेरानं हातभर अंतरावर उभ्या असलेल्या रेफ्रीकडं बघितलं. मघाच्या भाषणात हेही सांगितलं असेल, आपलंच लक्ष नसेल, असं तिला वाटलं असावं. "सर, काटा म्हणतीय ती," ती म्हणाली.

नाणं काट्यावर पडलं. कुठली बाजू घेणार, हे राजपालनं विचारलं आणि किल्ल्याकडची, हे वृषालीचं उत्तर हुमेरानं त्याला सांगितलं.

मग सगळा पूर्वार्ध असाच गेला. परंड्याच्या गोलकीपरच्या बुटाची नाडी सुटली. तिनं हात वर केला, पण नियम ऐकलेला असल्यामुळं तोंड उघडलं नाही. वृषाली पळत तिच्याकडं गेली, तिथून पळत हुमेराकडं आली आणि हुमेरा पळत रेफ्रीकडं आली, नाडी बांधायला वेळ पाहिजे म्हणून. तोवर गोलकीपरनं नाडी बांधून घेतली होती. बांधावर बसलेली माणसं हसायला लागली. चूक कुणाची म्हणायची? बोलत होत्या त्या दोघीही कॅप्टनच होत्या. नियम राजपालनंच उन्हात उभं करून पाठ करून घेतला होता आणि एक कॅप्टन दुसरीशी बोलली, तर कार्ड दाखवा, असं सोलापूरला कुणी शिकवलं नव्हतं. असला कायदेशीर अपमान त्याचा आयुष्यात कधी झाला नव्हता.

आणि वीरप्पा सर म्हणाले होते, ते खरं होत होतं. हे राजपालला स्वतःलाही कळत होतं. चेंडू बाहेर गेला आणि कुणाचा ते नीट दिसलं नाही, की त्याचा हात आपोआप अणदूरकडं वळायचा. ढकलाढकलीत दोघी पडल्या, की दोष परंड्याच्या पोरीचा. लोकांनी बापलेक म्हणायला नको, एवढी एकच काळजी त्याच्या डोक्यात होती. ह्याला तो मनातल्या मनात न्याय म्हणत होता.

उत्तरार्ध संपत आला तरी एकही गोल झालेला नव्हता. अणदूरची एक चपळ मुलगी चेंडू घेऊन सुटली. परंड्याची गुलबानो तिच्या आडवी आली. दोघी पेनल्टीच्या चौकोनात पडल्या आणि धुरळा उठला. राजपाल तेव्हा मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून श्वास घेत होता. सकाळी उप्पीट दोनदा घेतलं होतं. त्याला दिसला तो धुरळा. पण शिट्टी तोंडातच होती आणि विचार करायच्या आत ती वाजली. त्याचा हात पेनल्टीच्या ठिपक्याकडं गेला.

परंड्याच्या सगळ्या मुली एकदम त्याच्याकडं धावल्या. गुलबानो सगळ्यांत पुढं होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. राजपालनं हात वर केला. फक्त कॅप्टन, फक्त कॅप्टन, तो म्हणत राहिला आणि मागं सरकत राहिला. कार्डासाठी खिशात हात घातला, तर हाताला रुमाल लागला.

तेवढ्यात वृषाली पलीकडून पळत आली आणि त्याच्या पुढ्यात पाठ करून उभी राहिली. ती ओरडली नाही. तिनं गुलबानोचं मनगट धरलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि बाकीच्यांकडं नुसतं बघितलं. मुली थांबल्या. मग एकेक करून मागं गेल्या आणि चौकोनाच्या कडेला उभ्या राहिल्या. धुसफूस चालू होती, पण जागा सोडली नाही कुणी. राजपालला शिट्टीनं जमलं नव्हतं, ते पोरीनं एका नजरेत केलं. नको त्या वेळी त्याला तिचा फार अभिमान वाटला.

वृषाली वळून समोर आली. हुमेराही आली. नियमाप्रमाणं आता कारण सांगायचं होतं, आणि बोलणं म्हटल्यावर राजपालला धीर आला. बचाव करणाऱ्या खेळाडूनं चेंडूऐवजी पायावर कसा आघात केला, तो निष्काळजी कसा ठरतो, चौकोनाच्या आत झाला म्हणून पेनल्टी कशी होते, हे त्यानं पुस्तकी मराठीत सगळं सांगितलं. महिनाभरात मुलीला उद्देशून तो एवढा वेळ पहिल्यांदाच बोलत होता.

वृषालीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हुमेराला म्हणाली, "ह्यांना विचार, दिसलं का त्यांना?"

हुमेरानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "आता तूच विचार बाई," ती म्हणाली. "पेनल्टी आमाला मिळालीय. तुझ्याकडनं मीच भांडू व्हय?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. वृषालीला ते पटलेलं दिसलं. ती जरा वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. मग तिनं मान वर केली आणि सरळ राजपालकडं बघितलं.

"पप्पा, दिसलं का तुमाला?"

मैदानावर रेफ्रीला सर म्हणायचं, हे तो सगळ्यांना बजावून सांगायचा. आता मात्र दुरुस्ती करायला त्याची जीभ उचलेना. व्हय, दिसलं, म्हटलं असतं तर विषय संपला असता. तो म्हणाला, "न्हाय."

"मग शिट्टी का वाजवली?"

"लोक म्हणतील, पोरीच्या बाजूनं दिलं. म्हणून."

"म्हणजे भ्यालात."

"व्हय," राजपाल म्हणाला. एका शब्दात एवढं खरं तो पूर्वी कधी बोलला नव्हता.

चेंडू अजून ठिपक्यावर ठेवलेला होता. पेनल्टी मारली गेली नव्हती, म्हणजे निर्णय फिरवायला वाव होता. त्यानं पुन्हा शिट्टी वाजवली, पेनल्टी नाही म्हणून हात हलवला आणि चेंडू परंड्याच्या गोलकीपरसमोर टाकला. बांधावर एकच गलका झाला. वीरप्पा सर रेषा ओलांडून आत यायला निघाले. हुमेरा त्यांच्याकडं गेली आणि म्हणाली, "सर, तुमी बसा. बोलायचं काम माझं हाय." वीरप्पा सर बसले. पद्धत चांगली आहे, हे राजपालला त्या क्षणी पटलं. आतापर्यंत तो ती नुसती शिकवत होता.

परंड्याला मात्र तिचा काही फायदा झाला नाही. पेनल्टी टळल्याच्या आनंदात मुली गाफील राहिल्या, अणदूरला कॉर्नर मिळाला आणि हुमेरानं डोक्यानं सरळ गोल मारला. अणदूर जिंकलं. गफारभाई शेवटी राजपालला भेटायला आले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, पुढच्या टायमाला येक तर पोरीला घरी ठिवा, न्हायतर तुमी ऱ्हावा."

वृषाली मोटरसायकलवर मागं बसली. पिशवी तिनं दोघांच्या मध्ये ठेवली. किल्ल्याच्या खंदकाशेजारून रस्ता जातो, तिथवर दोघं गप्पच होते. आता हिला पुन्हा आई लागणार, असं राजपालच्या मनात आलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मैदानावर चुकीचा निर्णय दिला तरी कॅप्टनला बोलवून कारण सांगता. घरात नुसती शिट्टी वाजवून ऑफिसला गेलात."

राजपालनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. तो पुढं बघूनच बोलायला लागला. दहावी तोंडावर आली आहे. तिथलं जेवण सोसायचं नाही.

"ते आईकडनं पोचलंय," वृषाली म्हणाली. "खरं सांगा."

खंदकात बाभळी माजल्या होत्या आणि दोन शेळ्या त्यांच्या शेंगा वेचत होत्या. राजपाल त्यांच्याकडं बघत राहिला. खरं कारण त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं, कारण ते ऐकायला फार लहान वाटत होतं. ऑफिसातून आलं की दारातच चपला काढत तो दिवसभराचं सगळं वृषालीला सांगायचा. बायको हूं हूं करायची आणि भाजी निवडायची. नियमाचं पुस्तक त्यानं वृषालीपुढंच वाचून पाठ केलं होतं. ती गेली की घर खायला उठणार होतं.

"तू गेलीस तर घरात माझं कोण ऐकणार?" तो म्हणाला.

वृषालीनं मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"आत्ता तरी कोण ऐकतंय, पप्पा?"

राजपालला वाईट वाटायला हवं होतं. पण आधी हसूच फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते आवरेना. वृषालीही हसत होती. तिचं कपाळ त्याच्या पाठीला लागलं होतं आणि हसताना त्याला धक्के बसत होते. शेळ्यांनी वर बघितलं आणि पुन्हा शेंगा वेचायला सुरुवात केली.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला तेव्हा तिघंही घरात होती. राजपालनं फोन उचलला. काय ठरलं, म्हणून मॅडमनी विचारलं. "मॅडम, त्याचं असं आहे की," असं म्हणून त्यानं घसा साफ केला. निवासी शिक्षणाबद्दल आपले विचार सांगायचा त्याचा बेत होता. समोर वृषाली उभी होती. ती काही बोलली नाही, हातही पुढं केला नाही. फक्त त्याच्याकडं बघत होती, मघा मैदानावर बघितलं होतं तशीच. त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. "थांबा, तिलाच देतो," म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला.

वृषाली फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेली. आत राजपालनं कान टवकारले, पण रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता, काही ऐकू आलं नाही. त्याला राहवेना. त्यानं स्वयंपाकघराच्या दारातून बायकोला विचारलं, काय म्हणाली ती?

बायको भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मला काय विचारता?" ती म्हणाली. "तिलाच विचारा की. माझं काम संपलं आता."

राजपाल बाहेर गेला. वृषाली पायरीवर बसली होती, फोन मांडीवर ठेवून. तो तिच्या शेजारी बसला. काय ठरलं, म्हणून त्यानं विचारलं.

"येते म्हणून सांगितलं," वृषाली म्हणाली. "दिवाळी झाल्यावर."

"बरं," राजपाल म्हणाला.

तिनं वाट बघितली. एरवी एवढ्यात तो पुण्याच्या हवामानापर्यंत पोचला असता. पण तो समोरच्या लिंबाकडं बघत बसला होता.

"बोला की, पप्पा," ती म्हणाली. "ऐकतीय मी."

आणि राजपालला काही म्हणजे काही सुचेना.